जुगारी मनुष्य : दोषी की रोगी?

जुगार वाईट आहे, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. गावच्या पारावर बसलेल्या कोणासही विचारा, तो हेच सांगेल. इतकेच नव्हे, तर जो मनुष्य संध्याकाळी आकडा लावावयास जातो, तोही सकाळी हेच सांगतो. तेव्हा जे वाईट म्हणून ठाऊक आहे, तेच मनुष्य पुनः पुनः का करितो, आणि तो करीत असता त्याच्या शेजाऱ्यांनी त्याच्याशी कसे वागावे, हा खरा प्रश्न होय.

ह्या प्रश्नास गावात दोन उत्तरे मिळतात. कित्येक म्हणतात, तो आळशी व लोभी आहे. त्याने केले, त्याने भोगावे. दुसरे म्हणतात, बिचाऱ्यास नाद लागला आहे. त्याचा काय दोष? पहिल्या उत्तराने तो एकटा पडतो, दुसऱ्याने तो तसाच राहतो. दोहोंत काही सत्य आहे. परंतु कोणतेही एक धरून चालल्यास घर वाचत नाही, असे आमचे मत आहे.

हा नाद आजचा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात चौतिसावे सूक्त जुगाऱ्याच्या तोंडचे आहे. त्याची पत्नी दूर झाली आहे, सासू त्याचा द्वेष करिते, आईबाप व भाऊ त्यास ओळख देत नाहीत. आता खेळावयाचे नाही असा तो निश्चय करितो, आणि फाशांचा आवाज कानी पडताच पुनः तेथे जातो. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या मनुष्यास बुद्धी नव्हती असे नाही. शपथही त्याने घेतली होती. उणे होते ते दुसरेच काही, आणि ते काय हे पाहण्यासाठी आधी ह्या खेळाचा हिशेब मांडून पाहू.

मटक्याचीच गोष्ट घ्या. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते व बंद होते भाव तारेने मुंबईस येत, आणि त्यांवर लोक पैजा लावीत. ती सोय बंद पडल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत याने, व १९६४ साली रतन खत्री याने, आपापले आकडे काढण्यास आरंभ केला. चिठ्ठ्या मातीच्या मटक्यातून काढीत, म्हणून हे नाव पडले. गिरणीकामगारांच्या वस्तीत तो खेळ वाढला व तेथून खेडोपाडी पोहोचला. एका आकड्यास साधारणतः रुपयास नऊ रुपये मिळतात. आकडे मात्र शून्यापासून नऊपर्यंत दहा आहेत. म्हणजे दहा जणांनी दहा निरनिराळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर मटकेवाला दहा घेतो व नऊ परत देतो. जिंकलेले तेथेच पुनः लावीत गेल्यास, सरासरीने शंभर रुपयांचे दहाव्या खेपेस पस्तीसच उरतात. ह्यात नशीब वाईट असण्याचे कारण नाही. नशीब सामान्य असले तरी पुरे. खेळणारा म्हणतो, आठ दिवस पंजा आला नाही, तेव्हा आज येणारच. परंतु मटक्यास कालची आठवण नसते.

हा हिशेब चौथी शिकलेल्या मुलासही समजेल. मग जुगाऱ्यास तो का समजू नये? समजतो; परंतु तो आता लाभासाठी खेळत नसून गेलेले परत आणण्यासाठी खेळत असतो. बियाण्याचे दोन हजार गेले. ते घरी कळण्यापूर्वी भरून निघावे, म्हणून तो आणखी दोन हजार उसने घेतो. येथे लोभ मागे पडतो व भय पुढे होते. जितके लपवावयाचे अधिक, तितके खेळणे अधिक.

पूर्वी निदान टपरीपर्यंत चालत जावे लागे, कोणी ओळखीचे भेटे. पुढे रमी व क्रिकेटचा सट्टा मोबाईलवर आला, आणि बायकामुले निजली असता अंथरुणातच शेत गहाण पडू लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. मुंबई इलाख्याचा जुगारप्रतिबंधक कायदा तर १८८७ चा आहे, आणि मटका त्यानंतर पाऊणशे वर्षांनी जन्मास आला. म्हणून कायदा हवाच, परंतु कायदा झाला म्हणजे आपले काम संपले, असे कोणी समजू नये.

ह्या खेळांच्या जाहिरातींत ‘जबाबदारीने खेळा’ अशा अर्थाची सूचना असे. ज्याचा हात अद्याप मोकळा आहे, त्यास मर्यादा घालून घेता येते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याचा हात अडकला, त्यास मर्यादा पाळ म्हणणे म्हणजे पुरात वाहणाऱ्यास बेताने वाहा म्हणण्यासारखे आहे. वैद्यकशास्त्रही आता हेच सांगते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली ह्या नादास विकारांच्या यादीत घेतले व २०१३ साली दारू व अफू यांच्या व्यसनांशेजारी बसविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो आहे. १९९७ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्याची पारख करावयास दोनच प्रश्न पुरेसे मानले. किती जुगार खेळतो ह्याविषयी जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले काय? आणि अधिकाधिक पैसे लावावे अशी ओढ वाटली काय? वाचकहो, किती रुपये गेले हे त्यांत विचारलेले नाही. खोटेपणाविषयी मात्र विचारले आहे.

ह्यावरून आमचे उत्तर निघते. क्षय झाला ह्यात रोग्याचा अपराध नाही. परंतु रोग कळूनही जो औषध टाळतो व घरात सांगत नाही, त्याच्यावर मुलांच्या जिवाचा भार येतो. जुगाऱ्याचेही तसेच. ओढ हा त्याचा रोग आहे. लपविणे हा त्याचा दोष आहे. म्हणून त्याच्यापाशी पहिली मागणी शपथेची करू नये; शपथ तो शंभरदा घेईल. मागणी सत्याची करावी. कोणाचे किती देणे आहे, काय गहाण आहे, ह्याची पूर्ण यादी त्याने एका विश्वासू मनुष्यापुढे बसून लिहावी. एकही नाव वगळू नये. वगळलेले ते एकच नाव त्यास पुनः खेळावयास नेते.

आणि ऐकणाऱ्याचेही कर्तव्य आहे. माता आपल्या पाटल्या विकून मुलाचे कर्ज फेडिते, हे प्रेम होय. परंतु त्याने बाजारात त्याची पत वाढते व तो अधिक कर्ज काढितो. त्याच्या हाती रोकड देऊ नये. धान्य द्यावे, शाळेची फी शाळेतच भरावी, बँकेचा व्यवहार काही काळ पत्नीच्या हाती असावा, आणि हे त्याच्या संमतीने व्हावे. पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याने रद्दबातल आहे. ते देणे कोर्टातून वसूल होत नाही. परवान्याविना सावकारी करणाऱ्याने जमीन लिहून घेतली असल्यास, २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करिता येते.

उपचार मुख्यत्वे संवादाचा आहे. ओढ केव्हा उठते, तेव्हा काय करावे, हे तज्ज्ञ शिकवितात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा होय. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीत बोलता येते. कर्जात बुडालेला मनुष्य जीव देण्याच्या गोष्टी बोलू लागला, तर ती धमकी समजू नये. त्यास एकटे न सोडिता त्याच वेळी तेथे फोन लावावा. आणि बरा होऊ लागलेला मनुष्य पुनः घसरला, तर सर्व व्यर्थ गेले असे मानू नये. क्षयाचे औषधही एका दिवसाचे नसते.

आता प्रत्येकाने आपणास विचारावे : आमच्या वस्तीतील असा एखादा मनुष्य आज रात्री खरे सांगावयास निघाला, तर तो कोणाच्या दारी जाईल? जर उद्या सकाळी त्याची गोष्ट विहिरीवर ऐकू येणार असेल, तर तो आमच्या दारावरून पुढे जाईल, आणि टपरीचे दार तर उघडेच आहे. उपदेशकांनी, शिक्षकांनी व घरच्या वडील माणसांनी हे मनात धरावे. त्यास आत घ्या, बसवा, पूर्ण ऐका, कोणास सांगू नका, आणि पैसे देऊ नका. दुसरे दिवशी त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या गावी स्वतः जा.