शेम व याफेथ ह्यांचें वस्त्र

उत्पत्तीच्या ९ व्या अध्यायांत नोहा तंबूंत उघडा पडला असतां हामानें तें पाहून बाहेर सांगितलें. शेम व याफेथ ह्यांनीं पाठमोरें चालत जाऊन वस्त्रानें पित्याची लज्जा झांकली.

हामाचें पाप आज फोनांत शिरलें आहे. सन २०२१ च्या सप्टेंबरांत डोंबिवलींतील मानपाडा पोलीस ठाण्यांत १५ वर्षांच्या एका मुलीची फिर्याद नोंदली गेली. फिर्यादीप्रमाणें, ओळखीच्या तरुणानें अत्याचार करून चित्रफीत काढली, आणि त्या चित्रफितीचा धाक घालून जानेवारीपासून अनेकांनीं तिच्यावर अत्याचार केले. आरोपी ३३ होते. चित्रफितीस हें बळ कोठून आलें? बदनाम होते ती मुलगीच, ह्या आमच्या रीतींतून.

येथें सरकारी कायदा आम्हांस लाजवितो. भारतीय न्याय संहितेचें ७७ वें कलम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. स्त्रीनें आपलें खाजगी चित्र काढूं दिलें असलें, तरी तिच्या संमतीवांचून तें पसरविणारा अपराधी ठरतो. पहिल्याच वेळीं १ ते ३ वर्षें कैद. बालकाचें असें चित्र तर नुसतें उतरवून घेणेंही गुन्हा आहे.

म्हणून असें चित्र आलें तर आपण तें पाहूं नये, पुढें धाडूं नये. कोणाची लेक रडत आली, तर ‘तूं गेलीसच कां?’ असें विचारूं नये. उपदेशक बंधूनें तिच्या आईबापांसह ठाण्यांत जावें. झांकावयाची ती लेकीची लज्जा. गुन्हा झांकावयाचा नाहीं. शेमाचें वस्त्र आम्हां प्रत्येकाच्या खांद्यावर असो. आमेन.