पोळ्याचे आवतण आणि ख्रिस्ती मनुष्य

श्रावणी अमावास्येस वर्धा जिल्ह्यात गावोगावी पोळा भरतो. बैलांस न्हाऊ घालून, शिंगे रंगवून, अंगावर झुली घालून तोरणाखाली उभे करितात. हा सण जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींस प्रश्न पडतो की, शेजाऱ्याने पुरणपोळीचे आवतण दिले तर जावे काय?

शास्त्र उघडावे तर त्यात दोन वाणी दिसतात. प्रभु काना येथील लग्नास गेला. परंतु मेजवानीच्या घरी जाण्यास देवाने यिर्मयास मना केले (यिर्मया १६:८). अविश्वासी मनुष्याने बोलाविल्यास पुढे वाढलेले खावे, असे पौल सांगतो (१ करिंथ १०:२७). आणि प्रभूच्या व भुतांच्या अशा दोन्ही पंक्तींस बसता येत नाही, असेही तोच सांगतो (१०:२१). मग शास्त्र स्वतःशीच भांडते काय?

आम्हांस तसे वाटत नाही. यिर्मयास झालेली मनाई ही त्या लोकांवर येणाऱ्या न्यायाची खूण होती. ती सर्वकाळची आज्ञा नव्हे. पौलाविषयी म्हणावे तर, करिंथ नगरात देवळांतील यज्ञांचे मांस बाजारातही येई. म्हणून तो देऊळ, बाजार व शेजाऱ्याचे घर ह्या तीन जागा वेगळ्या करितो. देवळातील पंक्ति वर्ज्य. बाजारात चौकशी नको. घरी उपकार मानून जेवावे. मात्र हे अर्पिलेले आहे असे कोणी म्हटल्यास, सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीस्तव खाऊ नये (१०:२८-२९).

आता पोळ्याकडे वळू. बैलास धुणे, चारणे व विसावा देणे ह्यांत पाप नाही. देवाने तर त्यास दर सातव्या दिवशी विसावा नेमिला आहे (निर्गम २३:१२). परंतु त्याची पूजा आम्ही करू नये. कोणी म्हणेल, पुरणपोळीचा नैवेद्य आधी बैलास दाखवितात, हे न सांगताही सर्वांस ठाऊक असते. खरे आहे. म्हणून आदल्या दिवशीच शेजाऱ्याकडे जाऊन प्रेमाने सांगावे की, "दादा, तुमच्या घरी येऊ, बसू, पण नैवेद्याचे तेवढे आम्हांस वाढू नका." त्याने साधी भाकर निराळी ठेविली तर ती आनंदाने खावी. मुकाट्याने घरी बसून राहिल्यास तो आम्हांस गर्विष्ठ समजेल. मुकाट्याने प्रसाद खाल्ल्यास आमचा विश्वास पोकळ समजेल.

उपदेशकांनी अधिक जपावे. त्यांच्या ताटाकडे नवा विश्वासी पाहत असतो. त्यास अडखळण होत असेल तर मोकळीक असलेलेही सोडावे (८:१३). तथापि जो जेवला त्यास न जेवणाऱ्याने दोषी ठरवू नये (रोम १४:३).

आणि नाताळास त्याच शेजाऱ्यास आपल्या घरी बोलाविण्यास विसरू नये.