द्रौपदी जेवल्यानंतर

आमच्या वैशाली नगरातल्या गीतेच्या वर्गात बहुतेक मंडळी भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेली. अध्याय कुठलाही असो, गाडी टर्बाइनवर घसरतेच. मी स्वतः प्लांटच्या वीज विभागातला. मागे एकदा सरकारी अनुदानांचा विषय निघाला आणि समोरचे जैन भैया म्हणाले, "भाऊ, ये तो परिग्रह हुआ." त्यांचं म्हणणं असं की, सूर्यापासून वीज करायला सरकारनं पैसे द्यावेत, हे पटतं, पण साठवायला? साठवणं हेच जर पाप, तर पापाला अनुदान कसं?

प्रश्न टाळण्याजोगा नाही. जैनांच्या महाव्रतांत अपरिग्रह आहे, पतंजलींच्या यमांतही आहे. विनोबांनी तर पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पण विजेची जातच निराळी. पैसा तिजोरीत पडून राहतो. वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी खपावी लागते. सूर्य भर दुपारी देतो आणि मागणी चढते दिवेलागणीनंतर.

मला वनपर्वातली थाळी आठवते. युधिष्ठिरानं सूर्याची आराधना करून ती मिळवली. अन्न कमी पडायचं नाही, पण द्रौपदी जेवेपर्यंतच. ती सर्वांत शेवटी जेवायची आणि तिचं झालं की त्या दिवसापुरती थाळी संपली. दुर्वास शिष्यांचा तांडा घेऊन आले ते नेमके त्यानंतर. (भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीनं हा प्रसंग मूळ संहितेबाहेर ठेवला आहे, पण कीर्तनातून तो कोण काढणार?) कीर्तनकार इथे कृष्णाला बोलावतात. माझ्या वीजवाल्या डोक्याला मात्र दिसतं ते एवढंच: सूर्यानं देण्यात हात आखडला नव्हता, उशिरा येणाऱ्यासाठी राखायची सोय तेवढी नव्हती.

अशी सोय आता आमच्यापासून तासाभरावर, राजनांदगाव जिल्ह्यात झाली आहे. १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि त्याला जोडून ४० मेगावॅटची, १२० मेगावॅट-तासांची बॅटरी. म्हणजे पूर्ण जोरानं सोडली तर तीन तास. २४ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं. त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, केंद्रानं देशभर ४,००० मेगावॅट-तासांच्या बॅटऱ्यांसाठी ३,७६० कोटींची मदत मंजूर केली होती. भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत. त्या योजनेतली एक अट मला गीतेच्या वर्गात वाचून दाखवावीशी वाटली: किमान ८५ टक्के क्षमता वीज वितरण कंपन्यांच्या वाट्याला गेली पाहिजे.

परिग्रह पाहायचा तर माझ्या घरी या. जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आहे. फ्लोट तांबड्या खुणेवर उतरला की मी डिस्टिल्ड वॉटर आणतो, एकेक झाकण काढून सावकाश घालतो, फडक्यानं वरचा भाग पुसतो. लाइट गेली की आमचा पंखा फिरतो आणि मागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांमधली माणसं अंगणात खाटा काढतात. हे माझं राखणं माझ्यापुरतं. तारेवरून त्या खोल्यांपर्यंत जाणारी वीज राखून ठेवणं आणि हे, दोन्हीला एकच नाव देऊन चालणार नाही.

आणि अनुदानाला दान म्हणणंही मला मान्य नाही. दान आपल्या गाठचं करतात. सरकारची गाठ भरते करातून, त्यात भाडेकरूनं साबणाच्या वडीवर भरलेला करही आला. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा जास्त क्षमतेच्या पॅनलला ७८,००० रुपये मिळतात, पण त्यासाठी वापरायला छप्पर हाती असावं लागतं. भाडेकरूला त्या पंगतीत सहसा जागा मिळत नाही. त्याला काही मिळायचं तर ते बहुधा सामाईक बॅटरीतूनच, तेही संध्याकाळची वीज त्याच्या बिलात महाग पडली नाही तर.

हे सगळं मी वर्गात मांडलं. जैन भैयांनी शांतपणे ऐकलं आणि हिशेब केला, "म्हणजे पंधरा टक्के बाहेर." मी म्हटलं, धंदा करणाऱ्याला तेवढी मोकळीक. त्यावर तेच म्हणाले की महाव्रत साधूंचं, श्रावकाला अणुव्रत. त्यानं परिग्रह सोडायचा नसतो, मर्यादा ठरवून पाळायची असते. मग एक पुस्ती जोडली: श्रावक मर्यादा स्वतः घालतो, कंपनीला ती सरकारनं घालावी लागते, आणि पाळली की नाही हे कुणीतरी दरवर्षी तपासावं लागतं.