बेटावरचं न्यायालय

अगाथा ख्रिस्तीची ‘अँड देन देअर वेअर नन’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. खुनी कळला की रहस्यकथा संपली, असं मानणाऱ्या वाचकाने ती पुन्हा एकदा, प्रकरणागणिक थांबत वाचावी. मग ‘कोणी मारलं’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘मारण्याचा अधिकार कुणाचा’ हा प्रश्न पिच्छा सोडत नाही.

पहिल्याच प्रकरणात निवृत्त न्यायमूर्ती वॉरग्रेव्ह आगगाडीत सिगार ओढत पेपर वाचताना दिसतात. त्याच प्रकरणात एक म्हातारा प्रवासी ब्लोर या दुसऱ्या पाहुण्याला बजावतो, की निवाड्याचा दिवस अगदी जवळ आलाय. हा म्हाताराच आपल्याआधी तिथे पोचेल, असं ब्लोरला वाटतं. शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला मात्र तिथेच समन्स बजावल्याचा आवाज ऐकू येतो.

डेव्हनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर दहा माणसं जमतात. तिसऱ्या प्रकरणात ग्रामोफोनची तबकडी वाजते आणि बहुतेकांवर एकेका मृत्यूचा, मार्स्टनवर दोन मृत्यूंचा, त्यांच्यातल्या लॉम्बार्डवर तर एकवीस मृत्यूंचा, आरोप होतो. कायदा यांतल्या कुणालाही शिक्षा करू शकलेला नाही. मग ती त्यांच्यातलेच वॉरग्रेव्ह करतात. ज्याचा दोष हलका तो आधी मरेल, म्हणजे त्याला भीती कमी भोगावी लागेल, असा त्यांचा हिशेब. दोन मुलांना मोटारीखाली चिरडणारा मार्स्टन पहिला जातो, कारण त्याला नीतीची जाणीव जन्मतःच नाही. इथे मन अडखळतं. ज्याला काहीच बोचत नाही तो एका घोटात सुटतो. मुलाला बुडू देणारी व्हेरा, जिला ते रोज छळतं, ती शेवटपर्यंत होरपळते.

एमिली ब्रेंटचं प्रकरण याहून खोल आहे. ही बायबल वाचणारी बाई गरोदर मोलकरणीला, बिअॅट्रिस टेलरला, घराबाहेर काढते आणि ती मुलगी नदीत जीव देते. आपली सद्सद्विवेकबुद्धी स्वच्छ आहे, असं ब्रेंट ठामपणे सांगते. पुढे रोजनिशी लिहिताना डुलकी लागते आणि तिचाच हात खुन्याचं नाव लिहून जातो: बिअॅट्रिस टेलर.

आणखी एका बेटाचा दाखला तत्त्वज्ञानात आहे. इमॅन्युएल कांटने १७९७ साली लिहिलं, की बेटावरचा समाज परस्परसंमतीने विखुरणार असला, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी देहदंड दिलाच पाहिजे. वॉरग्रेव्ह कांटचे शिष्य वाटतात, पण नाहीत. कांटच्या मते शिक्षा न्यायालयानेच द्यायची, आणि तीही केवळ गुन्हा घडला म्हणून. माणसाला दुसऱ्या कुठल्या हेतूचं साधन करायचं नाही. वॉरग्रेव्ह तर कबुलीजबाबात लिहितात, की मारण्याची ओढ त्यांना लहानपणापासून होती आणि न उलगडणारा खून रचायची हौसही. बेटावरची बाकीची माणसं त्या हौसेचं साधन झाली.

शिवाय या न्यायालयात पश्चात्तापाला जागाच नाही. जनरल मॅकआर्थर समुद्राकडे पाहत मरणाची वाट बघत बसतो. बायकोच्या प्रियकराला युद्धात मुद्दाम मृत्यूच्या तोंडी दिल्याचं ओझं त्याने वर्षानुवर्षं वाहिलंय. ख्रिस्ती धर्मात अशा माणसासाठी कबुलीची आणि क्षमेची वाट आहे. इथे त्याच्या डोक्यात मागून घाव बसतो.

ख्रिस्तीने १९४३ साली या कादंबरीचं नाटक केलं, तेव्हा व्हेरा आणि लॉम्बार्ड निर्दोष ठरवून त्यांना जगवलं. रंगभूमीवर त्यामुळे न्यायाधीशाचा निवाडाच चुकतो आणि प्रेक्षकाची सुटका होते. कादंबरीतली व्हेरा मात्र खरोखर दोषी आहे. तिच्या खोलीत फास टांगणाऱ्याला चुकलास कुठे, हे वाचकाला तिथे आरोप खरा धरूनच सांगावं लागतं.