खुर्चीचा अध्यास

मागल्या खेपेस आलापल्लीला सप्ताहाच्या कीर्तनास आम्ही गेलो होतो. चंद्रपूरहून निघालेली एस. टी. बल्लारपूर, आष्टी करीत सागाच्या रानात शिरली. पासष्ट पुरी झाल्यामुळे आमचे तिकीट अर्धे. मंडपात जाऊन पाहतो तो काय, वीणेकऱ्याच्या शेजारी खुर्ची मांडलेली! "महाराज, वय झालं आता. बसूनच करा," यजमान मोठ्या प्रेमाने म्हणाले. नारदाच्या गादीवर उभे राहण्यात चाळीस वर्षे गेली. त्या रात्री आम्ही बसलो.

आणि वाचकहो, बसताक्षणीच म्हातारे झालो! आवाज पडला, चरण मागेपुढे झाले, उठताना गुडघे खरोखर दुखले. त्याच गुडघ्यांनी सकाळी आम्ही सारे गाव पायी फिरून आलो होतो.

पण आमची खरी चूक पुढेच आहे. मृदंगावर सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. त्याला पाहताच मनाने ठरवून टाकले, याला झेपायचे नाही. सोपी चाल धरली, दर ठेक्याला मान हलवून त्याला सांभाळून घेऊ लागलो. पोरगा भीत भीत वाजवू लागला आणि दोनदा चुकला. आम्ही मनात म्हटले, "पाहा, आधीच ओळखले होते." मंडप निजल्यावर मागल्या बाजूने परणींचा आवाज आला. स्वच्छ, भरदार. तोच पोरगा एकटा बसून वाजवीत होता. आम्हांस काही झोप आली नाही.

वेदान्तात अध्यास म्हणतात तो हाच. अंधारात दोरीवर सर्प दिसतो. दिवा आणला की जातो. पण दृष्टान्त इथे थोडा अपुरा पडतो. कोणी कितीही भ्यायले तरी दोरी काही सरपटू लागत नाही. माणसाचे तसे नाही. त्याच्यावर सर्प कल्पिला की तो सरपटू लागतो, आणि मग पाहणारा म्हणतो, मी खोटे कुठे बोललो?

सकाळी चहाच्या वेळी तिथल्या एका शाळामास्तरांजवळ हे बोललो, तर ते म्हणाले, "महाराज, यावर प्रयोग झालेत." 1996 साली अमेरिकेत जॉन बार्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण विद्यार्थ्यांपुढे म्हातारपण सुचवणारे शब्द नकळत ठेवले, बाहेर पडताना ती मुले सावकाश चालली म्हणे. गोष्ट फार गाजली. पुढे 2012 साली ब्रुसेल्सच्या मंडळींनी यंत्राने वेळ मोजला, तर तसे काहीच दिसेना. मग त्यांनी प्रयोग घेणाऱ्यांपैकी काहींच्या मनात आधीच भरवले की ही मुले सावकाश चालतील. त्यांच्यापुढे ते शब्द वाचलेली मुले खरेच सावकाश चालली! म्हणजे खोड नुसत्या शब्दांत नव्हती, पाहणाऱ्याच्या अपेक्षेत होती. आम्हांस खुर्ची आठवली. आणि आमची ती हलणारी मानही.

मास्तरांनी आणखी एक सांगितले. बेका लेव्ही या विदुषींनी 2002 साली ओहायोतील पन्नाशीपुढच्या 660 माणसांची नोंद तपासली. स्वतःच्या म्हातारपणाविषयी ज्यांचे मत बरे होते, ती माणसे सुमारे साडेसात वर्षे अधिक जगली होती. आता हा नुसता काकतालीय न्याय असेल काय? सर्वस्वी मतामुळेच जगली असे आम्ही म्हणणार नाही. पण "साठी बुद्धी नाठी" ही म्हण लहानपणी ऐकून हसलो, तीच पुढे आपल्या नावावर जमा होते, हे खरे.

आपल्याकडे हे कोणाला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! मनुस्मृतीत आंगिरस कुळातला एक कुमार वडीलधाऱ्यांना शिकवताना "मुलांनो" म्हणतो. ते रागावून देवांकडे जातात, तर देव कुमाराचीच बाजू घेतात. चौदाशे वर्षांचे म्हणून सांगितले जाणारे चांगदेव चिमुकल्या मुक्ताबाईचे शिष्य झाले, हे आख्यान तर आम्ही शेकडो वेळा लावले असेल. लावले, श्रोत्यांना रडवले, आणि मृदंगावर कोण बसले आहे ते पाहिले नाही.

दुपारी लाकडाचा डेपो पाहिला. 2023 साली अयोध्येच्या राममंदिरासाठी याच मुलखातले सागवान बल्लारपूरहून गेले. तिथे प्रत्येक ओंडका मोजतात, गाठी पाहतात, मग प्रत लावतात. नुसता झाडाच्या वयाचा आकडा ऐकून बोली लावणारा व्यापारी काही आम्हांस भेटला नाही.

याचा अर्थ म्हातारपण खोटे, असा कोणी घेऊ नये. ज्याला उभे राहवत नाही त्याला खुर्ची दिलीच पाहिजे, आणि सत्तरीत विशीचा आव आणणे हाही अध्यासच. पण देण्याआधी विचारायला काय हरकत होती? यजमानांनी आम्हांला विचारले नाही. आम्ही पोराला विचारले नाही.

दुसऱ्या रात्री खुर्ची तिथेच होती. आम्ही तिच्यावर उपरणे ठेवले आणि मृदंगाकडे वळून म्हटले, "बाळ, कोणती चाल घेऊ या?" पोरगा क्षणभर गोंधळला, मग त्याने सांगितली. गजर चढत गेला. तिसऱ्या आवर्तनाला आमचा दम लागला, हेही प्रांजळपणे सांगतो. तो वयाचा होता की आदल्या रात्रीच्या खुर्चीचा, ते आम्हांस अजून उमगलेले नाही. पोरगा मात्र थांबला नाही.