मृदानकाशा, हुमणी आणि हिंसेचा प्रश्न

शेतीत जीवहत्या घडते, हे जैन आचारशास्त्राने कधी नाकारले नाही. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनी शिकवलेल्या सहा कर्मांत कृषीचा समावेश आहे, आणि कोल्हापूर-सांगलीकडचे कितीतरी जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतीच करत आले आहेत. श्रावकासाठी, म्हणजे जैन गृहस्थासाठी, हिंसेचे चार भेद केले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. जाणूनबुजून मारणे, म्हणजे संकल्पी हिंसा, पूर्ण वर्ज्य. बाकीच्या तीन संसारात सुटत नाहीत. त्या शक्य तितक्या कमी करायच्या. नांगराखाली गांडूळ मरते ती उद्योगी हिंसा. पण उसाच्या मुळाशी कीटकनाशक ओततात ते मुळे खाणारी हुमणी अळी मरावी म्हणूनच. पीक राखण्यासाठी म्हणून या हिंसेला विरोधी म्हणता येईल, तरी हेतू मारण्याचाच असतो.

हुमणी रानात सगळीकडे सारखी नसते. तिची एक जात हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत वाढते, तर दुसरी नदीकाठच्या मळीत. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही वाळूसर पट्ट्यात जास्त असतात. शेताचे चौकोन पाडून मातीचे नमुने तपासले, विद्युतवाहकतेवरून पोताचा अंदाज घेतला, की असे पट्टे नकाशावर दिसू लागतात. नकाशा फक्त शक्यता सांगतो. खड्डे घेऊन अळ्या मोजाव्याच लागतात. संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेली असेल तेवढ्याच पट्ट्यात औषध द्यायचे. उरलेल्या रानातली गांडुळे, मुंग्या आणि मातीतले असंख्य निरुपद्रवी जीव वाचतात.

यावर आक्षेप असा, की नेम जितका अचूक तितका मारण्याचा संकल्प स्पष्ट. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाला धरून केली आहे: बेसावधपणे, विकारवश होऊन प्राण घेणे ती हिंसा. या कसोटीवर, कीड कुठे आहे हे कळत असूनही सरसकट रान भिजवणे अधिक दोषाचे ठरते. जाणण्याचे साधन हाती आले की जबाबदारीही वाढते. ज्या अल्पभूधारकाला माती तपासणे परवडत नाही, त्याच्यावर मात्र तेवढाच दोष ठेवणे अन्यायाचे होईल.

नकाशाने प्रश्न मिटत नाही. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमलेले हुमणीचे प्रौढ भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकतात. अंडी घालण्याआधीच मादी मेल्याने पुढे मातीत विष ओतण्याची गरज घटते, एकूण जीवहानीही कमी होते. तरीही इथे प्रत्येक जीव डोळ्यांदेखत, हाताने मारला जातो. जीवहानी मोजणाऱ्याला हा मार्ग ग्राह्य वाटेल. संकल्प पाहणाऱ्या व्रतस्थाला तो सर्वांत कठीण जाईल.