माती 'नाही' म्हणाली तर?



पवनारला धाम नदीकाठी विनोबाजींच्या आश्रमात जमीन खणताना भरत-राम भेटीची प्राचीन मूर्ती निघाली, ही गोष्ट आपण वर्धेकर लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कधी कधी श्रद्धेला जे हवे तेच मातीतून वर येते. पण नेहमी येतेच असे नाही. मग काय करायचे?

रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिराखाली १९३९ नंतर उत्खनन झाले. १९५० च्या नाताळात पोप बारावे पायस यांनी जाहीर केले, की प्रेषिताची कबर सापडली आहे. मात्र तिथली हाडे त्यांचीच, हे खात्रीने सांगता येत नाही. सारे जग कान लावून बसलेले असताना असे बोलायला धैर्य लागते. पुढे १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी अवशेषांची पटण्याजोगी ओळख पटल्याचे सांगितले. तरी अभ्यासकांचा वाद मिटला नाही.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. जॉर्जियाची राणी केतेवान हिने ख्रिस्ती श्रद्धा सोडली नाही, म्हणून १६२४ साली इराणात शिराझ येथे तिला हालहाल करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन संन्याशांनी तिचे काही अवशेष जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणले. पुढे मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छतही कोसळले. जुन्या पोर्तुगीज कागदांत ठिकाण नोंदलेले होते : मठाच्या कपेलात, दुसऱ्या खिडकीपाशी. पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसला आणि २००५ च्या सुमारास हाडाचा तुकडा मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने त्याचा डीएनए तपासला. त्यात आईकडून येणारा जो वंश दिसला, तो तपासलेल्या भारतीयांत नव्हता; जॉर्जियातल्या लोकांत होता.

हाडावर नाव कोरलेले नसते. कागदाने वाट दाखवली, प्रयोगशाळेने दुजोरा दिला, इतकेच. आम्हांला ते पुरेसे वाटते. पण तपासणीचा निकाल उलटा आला असता तर? तो दडवून भाविकांच्या रांगा चालू ठेवणे हे श्रद्धेचे रक्षण नव्हे, ती फसवणूक झाली असती, मग हेतू कितीही चांगला असो. संत तोमाने जखमा पाहायला मागितल्या, तेव्हा प्रभूने त्याला हाकलून दिले नाही. तपासायला घाबरणारे आपणच असतो. राणीची श्रद्धा तर कुठल्याच उत्खननावर उभी नव्हती.

२०२१ च्या जुलैत अवशेषांचा एक भाग भारताने जॉर्जियाला दिला. राणी तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेची संत. चारशे वर्षांपूर्वी तिला जपले ते कॅथलिक संन्याशांनी. गोव्याला गेलात तर बॉम जेझूसचे दर्शन घेऊन लगेच बस गाठू नका. जवळच्या टेकडीवर त्या मठाच्या चर्चचा अर्धा उरलेला मनोरा उभा आहे.